मामांची कळशी

गाडी अजून जळकोटच्या शिवेबाहेर पडली नव्हती, तोच चाँदपाशाच्या डोक्याला ताप सुरू झाला.

"त्याला म्हणावं, कळशी नीट धर," कल्याणप्पा म्हणाले.

ज्याला म्हणायचं तो, म्हणजे कल्याणप्पांचा सख्खा धाकटा भाऊ मल्लिनाथ, त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून त्याच गाडीत बसला होता. त्याला ऐकू गेलं होतं. रस्त्याकडेला शेण गोळा करणाऱ्या बाईला ऐकू गेलं होतं. बैलांनी कान हलवले, म्हणजे त्यांनाही गेलं होतं. पण मल्लिनाथ आपला तुरीच्या शेताकडं बघत ढिम्म. शेवटी चाँदपाशानं कासरा सैल सोडला, मान वळवली आणि सांगितलं, "अण्णा म्हणतेत, कळशी नीट धरा."

"म्हणावं, धरलीय," मल्लिनाथ तुरीला म्हणाला.

"धरलीय म्हणतेत, अण्णा."

"हं," कल्याणप्पा म्हणाले. जसं काय त्यांना हे आत्ताच कळलं!

या अल्ला! येडशी अजून कुठल्या कुठं होती. मधी नळदुर्ग होतं, तुळजापूरची चढण होती, धाराशिव होतं, रामलिंगाचं रान होतं, आणि ह्या दोघांचं आत्ताच हे असं. चाँदपाशानं बैलांच्या शेपट्यांना हात घातला आणि मनातल्या मनात दोघा भावांना अशा शिव्या घातल्या की त्याच्या बायकोनं, रजियाबीनं, ऐकल्या असत्या तर तिनं त्याला आठ दिवस जेवायला वाढलं नसतं.

येडशीला या दोघांची बहीण चन्नम्मा दिलेली होती. कल्याणप्पांच्या पाठची, मल्लिनाथच्या आधीची. तिच्या शिवगंगाचं लग्न होतं. ती सालं मोठ्या लढाईची. रस्त्यानं मोटारी फिरायच्या खऱ्या, पण पेट्रोलची बोंब असल्यामुळं कोळशावर चालायच्या आणि चढ आला की उतारूंनाच ढकलायला लावायच्या. पण मोटार अगदी दारात येऊन उभी राहिली असती तरी उपयोग नव्हता, कारण ह्या घराण्याची रीत. पोरीला हळदीनंतर जी अंघोळ घालतात, सुरगी म्हणतात तिला, तिचं पाणी मामांनी आणायचं. तेही एका विहिरीचं नाही. आजोळच्या तळ्यावर कळशी बरीचशी भरून घ्यायची आणि लगीनघरापर्यंत वाटेत जिथं जिथं मोठं पाणी लागेल तिथं थांबून एकेक ओंजळ तिच्यात घालायची. कळशी भुईला टेकवायची नाही, मुक्कामाला ती झाडाच्या फांदीला टांगायची, आणि मामांखेरीज कुणाचा हात तिला लागू द्यायचा नाही. मामा दोन असले तर एकानं कळशी धरायची, दुसऱ्यानं ओंजळ घालायची. ज्यानं कुणी ही रीत घातली त्या भल्या माणसानं अबोला धरलेले भाऊ आयुष्यात बघितले नसावेत.

अबोला होता तो त्यांच्या बापाच्या मातीवरनं. धोंडप्पा ऐन उन्हाळ्यात गेले. मल्लिनाथ तेव्हा सोलापुरात गिरणीत होता. सांगावा धाडला, पण गावातली जाणती माणसं म्हणाली, ऊन बघा, थांबू नका. लिंगायतांच्या रीतीनं कल्याणप्पांनी बापाला दिवस मावळायच्या आत शेतात बसवून माती दिली. मल्लिनाथ दुसऱ्या दिवशी सकाळी धापा टाकत आला, तो ओल्या मातीच्या ढिगापाशीच. मग तो घरी आला आणि उंबऱ्याच्या बाहेरनंच म्हणाला, "म्या येईस्तवर दम निघाला न्हाय व्हय तुम्हाला? ह्याच्याफुडं तुमचं माझं बोलणं संपलं." ते जे संपलं ते संपलंच. गिरणी सोडून तो गावाला आला, वाटणी झाली, आणि वाटणीत बैलजोडीतला हौश्या कल्याणप्पांकडं गेला, चिमण्या मल्लिनाथकडं. एका बैलानं ना नांगर चालतो ना गाडी. म्हणून दोघांच्या बैलांना एका जुवाखाली जुंपायचं आणि दोघांच्या शेतात राबवायचं काम पुन्हा चाँदपाशाच्याच गळ्यात. कल्याणप्पांच्या बरोबरीनं तो गोट्या खेळला होता, धोंडप्पांच्या पंगतीला जेवला होता. नाही म्हणायची सोय नव्हती.

हे सगळं एक वेळ परवडलं असतं. पण मागल्या पंधरवड्यात चाँदपाशा येडशीच्या टेसनावर शेंगांची पोती टाकायला गेला होता, तेव्हा चन्नम्मानं त्याला घरी बोलावलं. भाकरी वाढली, ताक दिलं आणि समोर बसून म्हणाली, "पाशाभाई, माझे भाऊ तुमच्या गाडीतनं यायचेत. नुसते आले म्हणून भागत न्हाय. बोलत आले पायजेत."

"येतील की," चाँदपाशा भाकरी मोडत म्हणाला.

"ऐका माझं. अक्षता पडताना पोरीच्या मागं मामा उभा राहतो. माझ्या पोरीच्या मागं एकमेकांकडं पाठ केलेले दोन खांब नकोत मला. न बोलता आले तर शेजारच्या शरणबसप्पाला मामा म्हणून उभा करीन. आणि त्या दिवसापास्नं मला माहेर न्हाय. जळकोटची वाट म्या इसरले म्हणून समजा."

हे ती रडत बोलली असती तर चाँदपाशानं मनावर घेतलं नसतं. बायका लग्नघाईत रडतात. पण तिचे डोळे कोरडे ठाक होते आणि ती त्याच्या ताटात ठेचा वाढत होती.

"आणि ह्यातलं एक अक्षर त्यांना सांगू नका," ती म्हणाली. "सांगितलं तर माझ्या दारात नाटक करतील आणि माघारी जाताना पुन्हा तोंड फिरवतील. जबान द्या."

दिली जबान. खाल्ल्या भाकरीला जागून दिली. आणि आता बसला होता आपल्या कर्माची फळं भोगत.

नळदुर्गाला पहिला तमाशा झाला. किल्ल्यात बोरी नदीचं पाणी अडवलेलं, हिरवंगार, थंड. चाँदपाशानं गाडी वर रस्त्याला सोडली, दोघं भाऊ कळशी घेऊन पायऱ्या उतरून गेले. हा जरा बूड टेकतो न टेकतो, तोच खालनं हाक आली.

"पाशा! ए पाशा!"

कुणी पाण्यात पडलं की काय म्हणून तो पायऱ्यांवरनं धडपडत खाली पळाला. कल्याणप्पा पोटाशी कळशी धरून उभे होते. मल्लिनाथ त्यांच्यासमोर, घोटाभर पाण्यात. दोघांच्यात एक हाताचं अंतर.

"त्याला म्हणावं, काठचं पाणी नको. शेवाळ हाय. आतलं घे."

चाँदपाशानं एकदा ह्याच्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. "आतलं घ्या म्हणतेत," तो म्हणाला आणि परत वर निघाला. निम्म्यात पोचला असेल.

"पाशाभाई! ओ पाशाभाई!"

पुन्हा खाली.

"त्यांना म्हणावं, घेतलं आतलं. आता कळशी वाकडी करा म्हणावं, वरनं ओंजळ सांडती."

"कळशी वाकडी करा, अण्णा." त्याला दम लागला होता. "आणखी काय असंल तर एकदमच सांगा. माझे गुडघे काय सरकारी न्हायत."

त्यावर दोघंही काही बोलले नाहीत. न बोलण्यात दोघं पटाईत होते.

पुढं तुळजापूरच्या अलीकडं डोंगर सुरू झाले. बालाघाटाची ती रांग लांबून बघायला गोजिरी दिसते, पण बैलांना विचारा. चढावर तिघंही उतरून चालायला लागले. डोंगराच्या कुशीत एक लहानसं तळं होतं, कडेला बाभळी, पाण्यात बगळे उभे. दुसरी कुणी माणसं असती तर तिथं चार घटका बसली असती, भाकरी सोडली असती, गार वाऱ्याला छाती उघडी केली असती. ह्यांनी एक ओंजळ घातली आणि लगेच तोंडं फिरवून वाटेला लागले.

कळशी आता हाताला जड वाटायला लागली होती. थोडं चाललं की ती ह्या हातातनं त्या हातात द्यावी लागायची. आणि दर खेपेला चाँदपाशानं बैल थांबवून मधी यायचं.

"त्याला म्हणावं, सोडतोय. धरलं का?"

"धरलं का म्हणतेत."

"म्हणावं, धरलं."

"धरलं म्हणतेत."

"म्हणावं, मग सोडलं."

असं किती वेळा! वर ऊन चढलेलं, खाली खडी, बैल फेस गाळतायत, आणि ह्याच्या जिभेला क्षणाची उसंत नाही. अर्ध्या घाटात त्याचा घसा इतका कोरडा पडला की "धरलं" म्हणायला गेला आणि नुसता वारा बाहेर आला.

"नीट सांग की रे त्याला," कल्याणप्पा म्हणाले.

तळपायाची आग मस्तकात गेली. चाँदपाशानं कासरा टाकला, डोक्याचा पटका काढून रस्त्यावर आपटला.

"बास! तौबा तौबा! म्या गाडी हाकायला आलोय, तुमची तोंडं हाकायला न्हाय. अरे, एकाच्या तोंडातली थुंकी दुसऱ्याच्या अंगावर उडती एवढं जवळ उभं राहता आणि मधी मला घालता? लाज वाटत न्हाय? पोरगी लगीन करून सासरी निघाली, तिच्या मामांना एवढी अक्कल न्हाय! आजपास्नं माझाबी अबोला. दोघांशीबी. येडशी येईस्तवर म्या एक अक्षर बोलणार न्हाय!"

पटका झटकून त्यानं डोक्याला गुंडाळला आणि गाडीपुढं चालायला लागला. मनात मात्र तो जरा खूश होता. आता बघू म्हटलं कसे बोलत नाहीत! मधला माणूसच काढून घेतला की झक मारत बोलतील.

बराच वेळ मागं नुसती पावलं वाजत होती. मग कल्याणप्पा खाकरले. चाँदपाशानं कान टवकारले.

"हौश्या," कल्याणप्पा बैलाला म्हणाले, "त्याला म्हणावं, माझा हात भरून आलाय. कळशी घे."

चाँदपाशाला वाटलं आपल्याला ऊन लागलं. पण नाही. मल्लिनाथ चार पावलं पुढं झाला, आपल्या बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चिमण्या, हौश्याला सांग, घेतो म्हणावं. बुडाला हात लावा म्हणावं आधी."

म्हणजे आता निरोप मोठ्याकडनं मोठ्याच्या बैलाला, त्या बैलाकडनं धाकट्याच्या बैलाला आणि तिथनं धाकट्याला! माणसापेक्षा बैल बरे पडले, उलट बोलत नव्हते. समोरनं एक शेळ्यावाला येत होता. त्यानं राम राम केला, थोडं ऐकलं, आणि चाँदपाशाजवळ येऊन हळूच विचारलं, "काय हो, येडबिड लागलंय का मंडळींना?" चाँदपाशानं अबोला धरला होता, त्यामुळं नुसतंच कपाळाला हात लावून दाखवला.

आणि मग जे झालं त्यानं त्याचा उरलासुरला धीर खचला. धाराशिवच्या अलीकडल्या तळ्यावर त्यांना बैलांचीही गरज लागली नाही. कल्याणप्पांनी हनुवटीनं खूण केली, मल्लिनाथ पाण्यात उतरला. त्यानं भुवया उडवल्या, ह्यांनी कळशी वाकडी केली. ओंजळ पडली, थेंब सांडला नाही. दोघं न बोलता इतके सफाईनं वागले की लांबनं बघणाऱ्याला वाटावं, काय भावाभावांचं मेतकूट आहे! चाँदपाशाला मात्र रडू यायची वेळ आली. आपण मधनं बाजूला झालो ते उलटंच पडलं. तोवर निदान तोंडातनं शब्द तरी निघत होते, मग ते तुरीला का असेनात. आता ते शब्दावाचून चालवायला शिकले. चन्नम्माच्या दारात हे दोघं असे खुणा करत उतरणार, ती एकदाच बघणार आणि शेजारच्या शरणबसप्पाला हाक मारणार. तिचे ते कोरडे डोळे त्याला सारखे दिसायला लागले. सांगून टाकावं का यांना? पण जबान दिलेली. आणि तिचंही खरंच होतं, सांगितलं असतं तर यांनी दारात गोड गोड बोलून दाखवलं असतं आणि परतीच्या वाटेवर पुन्हा हौश्या आणि चिमण्या.

शेवटचं पाणी रामलिंगाचं. येडशीच्या अलीकडं रान लागतं, आणि रानाच्या मधोमध जमीन एकदम खाली जाते. खोल दरी, खाली महादेवाचं देऊळ, देवळाला वळसा घालून जाणारं पाणी. गाडी तिथं उतरत नाही. चाँदपाशानं बैल सोडून वर झाडाला बांधले, पुढ्यात कडबा टाकला, आणि दोघांच्या मागं पायवाटेनं निघाला. वाट कसली, नुसती दगडांची घसरण. झाडांवर माकडं बसलेली. कल्याणप्पांच्या हातात कळशी, गळ्यापर्यंत भरलेली, आणि त्यांचा डावा गुडघा आधीच कुरकुरत होता.

एका अवघड दगडापाशी ते थांबले. मल्लिनाथ खाली उतरून उभा राहिला आणि त्यानं हात वर केले. कल्याणप्पांनी वाकून कळशी पुढं केली. नेमकं तेवढ्यात एक माकड फांदीवरनं फांदीवर गेलं आणि मल्लिनाथची नजर वर गेली. कल्याणप्पांना वाटलं, धरलं. त्यांनी सोडलं.

कळशी पहिल्या दगडावर आपटली, तोंड खाली करून उलटली, आणि ठणाणा करत, उड्या मारत खाली गेली. माकडं किंचाळत सगळीकडं पांगली. जळकोटचं, नळदुर्गाचं, डोंगराचं, धाराशिवचं, सगळं पाणी त्या दगडांनी एका घोटात पिऊन टाकलं. कळशी खाली कुठंतरी एका खोडाला अडकून थांबली.

"धरलं का न्हाय ते सांगता येत न्हाय व्हय तुला?" कल्याणप्पा ओरडले.

चाँदपाशा एकदम जागच्या जागी थांबला. 'तुला' म्हणाले. 'त्याला' नाही, 'तुला'.

"सोडतो म्हणून तुमी सांगितलं का?" मल्लिनाथ खालनं गरजला. "हात रिकामे हैत का भरलेले, बघायचं तरी!"

"वर माकडं काय बघतोस? कळशी बघायची का माकडं?"

"तुमाला दम कुठं निघतो! कधी निघालाय? मागचा माणूस पोचला का, त्यानं हात फुडं केला का, बघायचंच न्हाय. आपलं उरकून मोकळं व्हायचं. बाला माती दिली तवा तरी काय केलंत?"

झालं. फुटलं गळू! चाँदपाशा तिथंच एका धोंड्यावर बसला. आता ह्यांनी एकमेकांची डोकी फोडली तरी मधी पडायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

"काय केलं म्या?" कल्याणप्पांचा आवाज चिरकला. "ऊन काय होतं ठाव हाय? चौघं जण सारखे मागं लागलेले, उचला, उचला. म्या दुपारपास्नं वेशीकडं माणूस उभा केलता. सोलापूरची वाट बघून बघून डोळे गेले माझे. तुला वाटतं, हौस होती मला?"

"एक रात थांबला असता तर..."

"न्हाय थांबता आलं! न्हाय आलं, काय करू?" कल्याणप्पा त्या दगडावरच मटकन बसले. "सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. जंगम म्हणाले, धाकट्याच्या वाटणीची तुमीच टाका. म्या न्हाय टाकली. म्हणलं, त्याची मूठ हाय, त्याच्याच हातानं पडंल. उपरण्यात बांधून घरी आणली. सकाळी तू आलास, म्या ती आणायला आत वळलो, आणि तू उंबऱ्याच्या बाहेरनंच माझं तोंड बंद केलंस."

मल्लिनाथचे हात अजून तसेच वर होते, कळशी घ्यायला केलेले. ते हळूहळू खाली आले.

"मग इतक्या दिवसांत एकदा सांगायचं," तो म्हणाला.

"कसं सांगू? पाशाकडनं सांगू? 'त्याला म्हणावं, तुझ्या बापाची मूठभर माती तुझ्यासाठी ठेवलीय', असं सांगू? का बैलाकडनं सांगू?"

मल्लिनाथ झाडाच्या बुंध्याला हात लावून नुसता उभा राहिला. चाँदपाशाचा जीव टांगणीला लागला. आता पुन्हा मिटतोय काय हा, अरे बोल की बाबा, बोल, काहीतरी बोल!

"कुठं ठेवलीय?" मल्लिनाथनं विचारलं.

"कोनाड्यात. दिव्याच्या मागं."

"तिथं मुंग्या लागतेत."

"डबीत हाय. बाच्या इभुतीच्या डबीत."

मल्लिनाथनं तोंड फिरवलं आणि खांद्यावरच्या उपरण्यात घातलं. त्याचे खांदे हलायला लागले. कल्याणप्पा गुडघ्यावर हात देऊन उठले, दगडादगडाला धरत खाली उतरले आणि त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. पाठीवर हात ठेवायला त्यांना जमलं नाही. त्यांनी त्याच्या धोतराला लागलेली माती झटकली. चाँदपाशानं पटक्याच्या शेवानं नाक पुसलं. राग इतका वेळ धरून ठेवला होता, तो एकदम गेला.

पण सुटका कुठली व्हायला!

दोघं खाली गेले, कळशी शोधली. तिच्या पोटाला पोचा आला होता. ती धुतली आणि रामलिंगाच्या पाण्यानं काठोकाठ भरली.

"चन्नीला काय सांगायचं?" कल्याणप्पा म्हणाले.

"काय सांगायचंय? सगळ्या तळ्यांचं पाणी हाय म्हणायचं."

"आणि पोचा?"

"गाडीचा धक्का बसला म्हणायचं."

"पण..." चाँदपाशानं अबोला मोडून तोंड उघडलं.

"तू गप रे!" "तुमी गप बसा, पाशाभाई!" दोघं एकदमच ओरडले.

वर बैलांपाशी येईपर्यंत आणि तिथनं येडशीपर्यंत त्या दोघांची तोंडं मिटली नाहीत. बांधावरची चिंच कुणी तोडली, वाटणीत पाण्याची चरवी कुणाकडं गेली, सोलापूरच्या गिरणीत मल्लिनाथ आजारी पडला होता तेव्हा कळवलं का नाही, सगळं निघालं. एक बोलत असताना दुसरा बोलायचा. चाँदपाशानं दोनदा सांगायचा प्रयत्न केला की बाबांनो, गाडीत जरा नीट बसा, मागं भार होतोय. कुणी ऐकेल तर शपथ. आधी बोला म्हणून तोंडाला फेस आला, आता गप बसा म्हणून यायची वेळ! असल्या माणसांपुढं हात टेकलेले बरे.

येडशीच्या टेसनाजवळ गाडी गल्लीत वळली. चन्नम्माच्या दारात मांडव पडला होता, आंब्याचे डहाळे लावले होते. शेजारच्या ओट्यावर शरणबसप्पा नवा रुमाल डोक्याला बांधून बसलेले. चन्नम्मा दारातच होती. पायांवर घालायला तांब्या हातात, आणि नजर गाडीवर.

तिला बघितलं आणि दोघंही चपापले. एकदम गप्प. पोचा आलेली कळशी मांडीवर, पोटात खोटं, म्हणून शरमेनं एकानं इकडं बघितलं, दुसऱ्यानं तिकडं. चाँदपाशा मनातल्या मनात ओरडला. अख्खी वाट भांडत आलात आणि नेमके आत्ता गप्प बसताय, दळभद्र्यांनो!

चन्नम्मानं एका भावाकडं बघितलं, दुसऱ्याकडं बघितलं. मग चाँदपाशाकडं वळली. "पाशाभाई?" ती म्हणाली. एवढंच.

त्यानं तोंड उघडलं. पण त्याला कोण बोलू देतंय!

"सगळ्या तळ्यांचं पाणी हाय, चन्ने," कल्याणप्पा घाईनं म्हणाले. "एक तळं सोडलं न्हाय. हा पोचा तेवढा नळदुर्गाच्या पायरीवर..."

"गाडीचा धक्का बसला, अक्का," मल्लिनाथ त्याच वेळी म्हणाला.

"अरे, पायरीवर म्हणतोय ना म्या!"

"आपलं गाडी म्हणून ठरलं होतं, अण्णा! ठरवता एक आणि सांगता एक!"

"तू मधी बोललास म्हणून..."

"आधी कोण बोललं? बहिणीसमोर तरी खरं बोला!"

चन्नम्माच्या हातातला तांब्या कलला आणि पाणी तिच्याच पायांवर सांडलं. तिनं पदर तोंडाला लावला. त्या दिवशी ठेचा वाढताना कोरडे राहिलेले ते डोळे आता घळाघळा वाहत होते, आणि पदराआड ती हसतही होती. पुढं होऊन तिनं कळशीच्या पोच्याजवळ बोट नेलं, पण रीत आठवून शिवली नाही, नुसती जवळ वाकली.

"लई गार दिसतंय," ती म्हणाली. "आत्ताच भरल्यावाणी."

दोघांच्या माना खाली गेल्या. तिनं पुढं काही विचारलं नाही. शेजारच्या ओट्याकडं वळून तिनं शरणबसप्पांना हात जोडले, आणि मग घरात तोंड करून इतक्या मोठ्यानं हाक मारली की बैल दचकले.

"शिवगंगा! बाहेर ये ग! तुझे मामा आलेत!"

सुरगीला पोरीला पाटावर बसवलं. चारी बाजूंनी बायका जमल्या. कल्याणप्पांनी कळशी उचलली, पण ती जड कळशी त्यांच्या एकट्याच्यानं पोरीच्या डोक्यावर जाईना. त्यांनी सवयीनं दाराकडं बघितलं, जिथं चाँदपाशा खांबाला टेकून, आता सुटलो म्हणून चहाची वाट बघत बसला होता.

"पाशा," ते म्हणाले, "त्याला म्हणावं..."

चाँदपाशानं डोळे मिटून घेतले.

पण पुढचं काही आलं नाही. कल्याणप्पा खाकरले. त्यांनी मान वळवली, आणि समोर हात पुढं करून उभ्या असलेल्या भावाकडं, लहानपणापासून त्याच्या तोंडाकडं बघत आले होते तसं बघितलं.

"तम्मा," ते धाकट्याला लहानपणीच्या हाकेनं म्हणाले, "धरलं का?"

"धरलं, अण्णा," मल्लिनाथ म्हणाला. "सोडा आता."